कस्तुरबाईंची जिवाणी

ओतूरच्या बाजारपेठेत कांतीलालशेठच्या घरामागे एक आड आहे. आमच्या यादीत तो सात नंबरचा. जूनपासून दर गुरुवारी मी तिथून एक लिटर पाणी नेते. बाटली तपकिरी काचेची. ती त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि बर्फाच्या पेटीत घालून त्याच दिवशी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची. अहवाल यायला तीन आठवडे लागतात.

हे सगळं मुंग्यांमुळे. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा रोपवाटिकेतून आलेल्या रोपांच्या मातीतून लांब पायांच्या पिवळ्या मुंग्या या भागात आल्या. त्या जिथे ठाण मांडतात तिथून आपल्या काळ्या मुंग्या नाहीशा होतात. डाळिंबावरचा पिठ्या ढेकूण त्या जपतात, वाढवतात. खुराड्यातल्या एक दिवसाच्या पिल्लांच्या डोळ्यांत त्यांचं आम्ल गेलं की पिल्लं आंधळी होतात. म्हणून मोहीम निघाली. मक्याचा भरडा, साखर, शेंगतेल आणि त्यात किंचित कीटकनाशक, असे दाणे मुंग्यांच्या वाटेवर ठेवायचे. हे औषध पाण्यात उतरतं का, ते बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एकूण बारा जागा. अकरा नंबरची विहीर आंबेगाव तालुक्यातल्या लोणीची, माझ्या माहेरची. बारा नंबर घाटघरच्या झऱ्याचा. तिथे पिवळ्या मुंग्या नाहीत आणि औषधही नाही. बाकीच्या अकरांची तुलना त्याच्याशी करायची.

सात नंबरवर मला नेहमी वेळ लागे, कारण तिथे कस्तुरबाई असत.

कस्तुरबाई म्हणजे कांतीलालशेठच्या आई. वय एकोणऐंशी. राजस्थानातून लग्न होऊन ओतूरला आल्या त्याला साठ वर्षं झाली. या साठ वर्षांत त्यांनी या आडाचं पाणी स्वतः गाळल्याशिवाय प्यायलेलं नाही. हंड्यावर दुहेरी जाड कापड, त्यातून संथ धार. पाणी गाळून झालं की कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्याने तांब्यात हलकेच धुवायचं. कापडात अडकलेले बारीक जीव त्या तांब्यात येतात. त्या पाण्याला त्यांच्यात, जैनांमध्ये, जिवाणी म्हणतात. ती ज्या पाण्यातली असेल त्याच पाण्यात परत सोडायची, दुसरीकडे टाकली तर जीव मरतात. आणि वरून ओतायची नाही, कारण पंचवीस फुटांवरून पडणं त्यांना सोसत नाही. त्यासाठी एक छोटी बादली होती, तळाला कडी असलेली. ती दोरीने पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि मग कडीच्या दोरीला झटका दिला की ती तिथेच कलंडायची.

मी पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घेऊन भिंगातून हेच जीव मोजत असे. एकदा त्यांनाही भिंग दिलं. त्यांनी आधी पदर तोंडावर धरला, श्वास पाण्याला लागू नये म्हणून, आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"एकच डोळा आहे गं याला," त्या म्हणाल्या.

"हो. आणि त्या दोन पिशव्या दिसतात ना, ती त्याची अंडी. म्हणजे ती मादी."

"साठ वर्षं खाली सोडते आहे, आज तोंड पाहिलं."

कांतीलालशेठचं किराणा दुकान यंदा बंद व्हायचं होतं. मुलगा हितेश पुण्याला, अकराव्या मजल्यावर. सून टीना रोज फोन करून विचारायची, कधी येता. शेठ तयार होते. कस्तुरबाई नव्हत्या.

"तिथे नळाचं पाणी," त्या मला म्हणाल्या. "गाळीन मी. पण जिवाणी कुठे सोडू? मोरीत?"

"बाईंनी मला शब्दात अडकवलंय, मॅडम," शेठ म्हणाले. आईला ते बाई म्हणत. "आड चांगला आहे तोवर इथून हलायचं नाही. तुम्ही दर महिन्याला कागद पाठवता, पाणी उत्तम. आता तुमच्यामुळे मी दिवाळीलाही इथेच."

ते हसत म्हणाले, पण ते खरं होतं. माझ्या कागदावर त्या घराचं राहणं जाणं ठरत होतं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी मी बाटली विसळत असताना कस्तुरबाई ओलं गाळणं हातात घेऊन आल्या. ते त्यांनी माझ्यासमोर उजेडात धरलं.

"पाच दिवस झाले. काही येत नाही यात."

"पाऊस झालाय, आजी. पाणी वाढलं की ते विरळ होतात."

"साठ पावसाळे पाहिले मी इथे. पावसात जास्त येतात."

माझ्या पिशवीत त्याच सकाळी आलेला अहवाल होता. सात नंबर : आढळले नाही. मी तो काढून त्यांना दाखवला आणि म्हणाले, पाणी चांगलं आहे.

"चांगलं आहे तर मग हे गेले कुठे?"

मी ट्रे काढला. पाव तास भिंगातून पाहिलं. कोपऱ्यात एक पालापाचोळ्याचा तुकडा होता. डासांच्या अळ्यासुद्धा नव्हत्या. अहवाल तीन आठवड्यांपूर्वीच्या पाण्याचा आहे, हे मला माहीत होतं. माझ्यासमोरचं पाणी आजचं होतं. त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं की हे पाणी पिऊ नका. पण माझ्याकडे आकडा नव्हता, आणि आकड्याशिवाय बोलायची मला सवय नाही. बोलले असते तर त्यांना पुण्याला जावं लागलं असतं, हेही मनात होतं.

"रिपोर्ट येऊ दे," मी म्हणाले.

पुढचे तीन आठवडे आई आणि मुलगा दोघंही तेच पाणी प्यायले.

नऊ ऑक्टोबरला आकडा आला. लिटरला तीन पूर्णांक आठ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी आम्ही धरलेली मर्यादा शून्य पूर्णांक सात. माणसाला एवढ्याने काही लगेच होत नाही. पाण्यातल्या किड्यांना मात्र याच्या कितीतरी कमी पुरतं. बाकी अकरा जागा स्वच्छ होत्या. मी तासाभरात शेठच्या घरी पोहोचले आणि आडाचं पाणी बंद करायला सांगितलं. शेठनी नळाला हंडा लावला. कस्तुरबाईंनी त्या दिवशी पाणीच घेतलं नाही.

माझा संशय भिमाजीवर होता. तो दाणे ठेवणाऱ्या टोळीचा मुकादम. पाण्यापासून शंभर फुटांच्या आत दाणा ठेवायचा नाही असा नियम आहे आणि पेठेत शंभर फूट पाळणं कुणालाही जड जातं. दुसऱ्या दिवशी मी त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. त्याच्या खांद्याला दाण्यांची पिशवी होती.

"म्याडम, टेप घेऊन या," तो म्हणाला. "शंभर न्हाई, एकशेवीस भरंल. त्या इहिरीच्या अंगाला आमी पाय बी ठेवला न्हाई. म्हातारी लई कडक हाय. मागं मला म्हणली, तुज्या घरात कुनी असं ताट वाढलं तर जेवशील का रं?"

मी टेप धरला. एकशे अठरा फूट भरले.

"पन एक सांगतो," भिमाजी म्हणाला. "ह्या गल्लीत मुंग्या जेवायला पंगतीनं बसत्यात जनू. चाळीस जागी पायपाचे तुकडे ठेवल्यात, त्यात दाना घालतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर पायपं चाटूनपुसून साफ. बाकी गावात आठवडा पुरतंय, हितं एक दिवसाआड भरतोय."

"कधीपासून?"

"पंधरा ऑगस्टापासून धरा."

"मग मुंग्या कमी झाल्या का?"

त्याने पायाकडे बोट दाखवलं. भिंतीच्या कडेने पिवळी रांग पळत होती, पोळल्यासारखी.

"त्येच तर म्हनतोय. खात्यात, आन मरत न्हाईत. तुमचं औषध कच्चं हाय का काय, राव?"

मी एका पाइपाच्या तुकड्यात वाकून पाहिलं. तो आतून स्वच्छ होता. मुंग्या पीठ नेतात तेव्हा तळाला भुगा राहतो. इथे भुगाही नव्हता. कुणीतरी तो झाडून घेतला होता.

कस्तुरबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी विचारायच्या आधीच त्यांच्याजवळ मला ती दिसली, लोकरीच्या मऊ धाग्यांची छोटी पूंजणी. त्यांच्यात बसायच्या जागेवरचे जीव दुखू न देता बाजूला करायला ती वापरतात.

"आजी, गल्लीतले दाणे तुम्ही उचलता?"

"उचलते." त्यांच्या आवाजात लपवणं नव्हतं. "दुपारी पेठ निजते तेव्हा. आधी मुंग्या पूंजणीनं बाजूला करायच्या, मग दाणे डब्यात घ्यायचे. एखादी दाण्याला चिकटून येते. तिला घाई करायची नाही, ती आपणहून उतरते. कधी कधी चावतात. चावू देत."

"त्या चांगल्या मुंग्या नाहीत, आजी. बाहेरच्या आहेत. आपल्या मुंग्या त्यांनीच मारल्या."

"माहीत आहे. वडाखाली मी अमावस्येला पीठसाखर घालायची, ते वारूळ त्यांनीच संपवलं. पण मी पण बाहेरचीच की गं. म्हणून मला विष घालतील?"

माझा पुढचा प्रश्न ठरलेला होता आणि तो विचारायची मला भीती वाटत होती.

"आणि डब्यातले दाणे कुठे टाकले?"

"टाकले नाहीत. परठवले. आमच्यात वस्तू फेकून देत नाहीत. जिथे गवत नाही, ओल नाही, किडामुंगी नाही, अशी जागा बघून तिथे ठेवतात. तुझ्या कागदावर पण तसंच होतं. कांतीनं वाचून दाखवलं मला."

आमची पत्रकं ऑगस्टमध्ये घरोघर वाटली होती. त्यातलं ते वाक्य मीच लिहिलं होतं : सांडलेले दाणे गटारात, शेतात किंवा ओल्या जमिनीवर टाकू नयेत, कोरड्या, निर्जीव जागी ठेवावेत. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एखाद्या गोठ्याच्या फळीवरचा पत्र्याचा डबा होता. दाणे कामगारांना परत द्यावेत, एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

"दाखवता का जागा?"

त्यांनी मला आडाच्या मागे नेलं. तिथे फरसबंदीत बसवलेली एक जुनी दगडी कुंडी आहे, भांडी घासायच्या राखेची. आता राखेने भांडी कुणी घासत नाही, पण राख तशीच आहे. वर फरशीचा तुकडा झाकलेला. घरात आणि अंगणात मिळून खरोखरच याहून निर्जीव जागा नव्हती. राखेत काही जगत नाही. कस्तुरबाईंनी जागा अगदी बरोबर निवडली होती.

मी फरशी उचलली. राख ओली होती. सप्टेंबरच्या पावसाचं पाणी फटीतून आत गेलं होतं. हाताने राख सारली तर तळाशी रुपयाएवढं भोक लागलं.

"हे कशाला?"

"पाणी साठू नये म्हणून. सासऱ्यांच्या वेळचं आहे."

"जातं कुठे ते?"

त्यांना माहीत नव्हतं. मी शेठना दुकानातून जिलबीचा केशरी रंग आणायला सांगितलं. तो एका बादलीत कालवला.

"यानं कुणी मरणार नाही ना?" कस्तुरबाईंनी विचारलं.

"खायचा रंग आहे, आजी."

मी बादली कुंडीत ओतली आणि कठड्याशी जाऊन आडात टॉर्च धरला. कस्तुरबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना आत बसवायला हवं होतं, ते मी केलं नाही. पहिलं मिनिट काही झालं नाही. मग पाण्याच्या वर चार हातांवर, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून एक केशरी धार आली आणि भिंतीवरून खाली गेली. पाण्यात ती पसरत गेली.

त्या ते संपूर्ण बघत राहिल्या. धार थांबल्यावर त्यांनी विचारलं, "सगळे?"

"ट्रेमध्ये तरी काही दिसत नाही."

"किती असतील?"

जून महिन्यात मी लिटरला चाळीसच्या आसपास मोजले होते. आडात नऊ-दहा हजार लिटर पाणी. गुणाकार सोपा होता आणि तो माझ्या डोक्यात होऊनही गेला होता.

"तू मोजतेस ना दर वेळी," त्या म्हणाल्या. "सांग."

"चार लाख. अंदाजे."

शेठ मागून म्हणाले, "बाई, तुला माहीत नव्हतं. माहीत नसताना झालेलं."

"विष आहे हे माहीत होतं, कांती. पाणी कुठे जातं ते बघितलं नाही. गाळताना साठ वर्षं बघितलं, परठवताना नाही बघितलं." मग माझ्याकडे वळून, अगदी कामाचं विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "आता काय करायचं असतं?"

कुंडीतली राख पिशव्यांत भरून सरकारी गोदामात पाठवायची, भोक बुजवायचं, आणि मोटर लावून आड उपसायचा. दोन-तीनदा उपसला की आकडा खाली येईल, असं मी सांगितलं.

"उपसलेलं पाणी कुठे सोडायचं?"

"गटारात."

"गटार नदीला जातं, मांडवीला."

"तिथे ते फार पातळ होईल, आजी."

"म्हणजे मरतील, पण कमी मरतील."

तेच होतं.

"मग नको," त्या म्हणाल्या. "जे झालं ते एवढ्यातच राहू दे."

आड उपसला नाही. भोक सिमेंटने बुजवलं, राख नेली, कठड्यावर लोखंडी जाळी आली. अहवालात 'कारण' या रकान्यात मी 'अनिश्चित' लिहिलं होतं. सही करण्यापूर्वी घरमालकाला वाचून दाखवायचा नियम आहे, म्हणून ओट्यावर बसून तो वाचला.

"अनिश्चित म्हणजे?" कस्तुरबाईंनी विचारलं.

"म्हणजे नक्की सांगता येत नाही."

"तुला नक्की सांगता येतं. तू रंग ओतून पाहिलंस." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "माझं नाव घाल. नाहीतर त्या भिमाजीवर येईल. गरीब माणूस, त्यानं टेप धरून अंतर ठेवलं."

मी तो शब्द खोडला. त्यांचं नाव लिहिलं, आणि पुढे पत्रकातलं माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून त्याखाली माझं नाव लिहिलं. वरून अजून कुणी काही विचारलेलं नाही. पत्रक नव्याने छापलं, एवढं झालं.

दिवाळीच्या आधी चार दिवस ते पुण्याला गेले. शब्द आडाशी बांधलेला होता, त्यामुळे कस्तुरबाईंनी वाद घातला नाही. हितेशच्या गाडीत बसताना त्यांनी मला फक्त गुरुवारचं विचारलं. येत राहशील ना? मी हो म्हणाले. जाळीला एक लहान दार आहे, त्याची किल्ली माझ्याकडे आहे.

आता दर गुरुवारी दुपारी त्यांचा फोन येतो. मी आकडा सांगते. तीन पूर्णांक एक. दोन पूर्णांक सहा. उपसा नाही म्हणून तो सावकाश उतरतो. आकड्यांशी त्यांना देणंघेणं नाही.

"ट्रेमध्ये?" त्या विचारतात.

"काही नाही."

"बरं. पुढच्या गुरुवारी बघ."

मागच्या बुधवारी टीनाचा फोन आला. ती हळू बोलत होती, बहुतेक गॅलरीत उभी राहून.

"मॅडम, त्या पाणी पीत नाहीत हो. नळाचं गाळतात, आणि गाळण्यात काही असो नसो, त्यांना वाटतं असणारच. सोडायला जागा नाही. म्हणून दिवसाला तीन पेले. जास्त प्यायलं तर जास्त गाळावं लागेल म्हणतात. डॉक्टर म्हणाले किडनीवर येतंय. मी म्हटलं बाटलीचं आणते, तर म्हणतात तेही कुणीतरी गाळलंच असेल, आणि त्याचं काय केलं असेल?" तिने आवाज आणखी खाली आणला. "तुमचं ऐकतात त्या. उद्या एवढंच सांगा ना, की एक दिसला. एकच. आड जिवंत झाला असं कळलं की पितील त्या. तुमचं काय जातंय?"

मी बघते म्हणाले.

गुरुवारी मी जाळीचं दार उघडून पाणी काढलं. ट्रे उन्हात ठेवला आणि अर्धा तास पाहिला, नेहमीच्या दुप्पट. चारही कोपरे, मग मधला भाग, मग पुन्हा कोपरे. पाणी इतकं नितळ होतं की ट्रेच्या तळावरचे ओरखडे मोजता आले असते. एक, असं म्हणणं अवघड नव्हतं. एकदा मी त्यांना चांगलं आहे असं म्हणाले होते, तेव्हा तर हातात कागदही होता.

फोन ठरल्या वेळी आला.

"ट्रेमध्ये?"

"काही नाही, आजी."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"टीनानं तुला सांगितलं असेल, खोटं बोल म्हणून."

"हो."

"चांगली पोर आहे ती." त्यांचा आवाज कोरडा होता, शब्द टाळूला चिकटत होते. "मला एक सांग, तू शिकलेली आहेस. माणसाला दिवसाला पाणी लागतं किती?"

"तुमच्या वयाला सात-आठ पेले तरी."

"आणि कमीत कमी?"

त्या वाट बघत होत्या. कमीत कमीचाही एक आकडा असतो, पुस्तकात तो आहे, आणि तो मला पाठ होता.

"आठच, आजी," मी म्हणाले. "आठच लागतात."

"आठ म्हणजे फार झाले गं," त्या म्हणाल्या, आणि फोन टीनाकडे दिला.